साठ जणांच्या वर्गाला साठ पानं

१९९७ साली गणेशखिंड रोडच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून आमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. साठ जणांचा वर्ग, त्यात आम्ही मुली फक्त तीन. दहावीनंतरचा डिप्लोमा, त्यामुळे बाहेर पडलो तेव्हा बहुतेक जण एकोणीसचे होते आणि आता सगळे पन्नाशीकडे निघालेत. मधल्या काळात कोण कुठे गेलं, कोणाचं काय झालं हे सगळं एका पुस्तिकेत आणायचं, प्रत्येकाला एक पान, असं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं. हल्ली सगळ्याच बॅचेसची पंचवीस-तीस वर्षं भरतायत, कुठे ना कुठे कोणीतरी हेच करत असणार, म्हणून कसं केलं ते लिहून ठेवतेय.

ग्रुप आमचा होताच. आधी ऑर्कुटवर कम्युनिटी होती, २०१४ मध्ये ऑर्कुटच बंद झालं तेव्हा ती गेली, तोवर व्हॉट्सॲप आलेलं होतं. ग्रुपमध्ये चाळीसेक जण, त्यातले बोलणारे आठ-दहा, बाकीचे वाढदिवसाला केकचं चित्र टाकून परत गप्प. एका रविवारी ॲडमिनने मेसेज टाकला की सगळ्यांनी आपापला अपडेट द्या, नाव, कंपनी, पद, शहर, मुलं काय करतात. दोन दिवसांत पंधरा-सोळा अपडेट आले. कोणी प्लांट हेड, कोणी जनरल मॅनेजर, कोणाची स्वतःची कंपनी, मुलगी मेडिकलला, मुलगा कॅनडात, बाणेरला फ्लॅट. सगळं खरं, सगळं कष्टाने मिळवलेलं, आणि वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण त्यानंतर एकदम सामसूम. आणि त्याच आठवड्यात दोघं जण ग्रुप सोडून गेले, का गेले ते कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी तो मेसेज परत वाचला. नाव, कंपनी, पद, शहर, मुलं. ज्याची कंपनी बंद पडली, ज्याला पद नाही, ज्याचं लग्न टिकलं नाही, ज्याला मूल नाही, त्याने यात भरायचं काय? विचारणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं हे मला माहितीये, पण प्रश्नच असे होते की अर्धा वर्ग आपोआप दाराबाहेर राहत होता. आणि मला तर त्याच अर्ध्या वर्गाची जास्त ओढ, कारण वर्कशॉपमध्ये शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर, उभं राहून ज्यांनी मला फाइल कशी धरायची, हॅकसॉ मारताना जोर कुठे द्यायचा ते दाखवलं, ते बहुतेक सगळे या गप्प असलेल्यांत होते.

मग मी ॲडमिनला सांगितलं की हे मी करते, पण ग्रुपवर नाही, एकेकाला फोन करून. आणि काही गोष्टी आधीच पक्क्या करून घेतल्या. कोणी कितीही मोठा झालेला असो, पान एकच. क्रम रोल नंबरचा, हुद्द्याचा नाही. आणि ज्याचं पान त्याने स्वतः वाचून हो म्हटल्याशिवाय एक ओळसुद्धा छापायची नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची ठरली, तिच्यामुळेच माणसं बोलली.

पहिलं काम म्हणजे माणसं शोधणं. आमच्यातल्या एकाने शेवटच्या वर्षी सगळ्यांचे पत्ते लिहून घेऊन झेरॉक्स काढल्या होत्या, त्यातली एक त्याच्या ड्रॉइंग शीटच्या लांब डब्यात गुंडाळलेली सापडली, मिनी ड्राफ्टरही सोबत होता. यादीतले फोन नंबर सहा आकडी, आणि त्यातल्या कितीतरी नंबरांपुढे पीपी लिहिलेलं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, त्यांनी हाक मारून बोलवायचं. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. नंबरांचा उपयोग शून्य, पण पत्त्यांचा झाला, आणि तोसुद्धा मला वाटलं होतं त्याच्या उलटा. पुण्यातली मुलं पटकन सापडतील असा माझा अंदाज, तर कसबा पेठेतला वाडा पाडून तिथे अपार्टमेंट, नारायण पेठेतलं बिऱ्हाड कधीच हललेलं, शिवाजीनगरच्या सरकारी क्वार्टर्समधले वडील रिटायर झाल्यावर दुसरीकडे गेलेले. याउलट होस्टेलवाल्यांचे मु.पो.वाले पत्ते लगेच लागले. जुन्नर, भोर, इंदापूर, माढा. गावात माणूस स्वतः नसला तरी चुलता असतो, आणि चुलत्याकडे नंबर असतो.

पेठेतली मुलं शेवटी गणपती मंडळांमुळे सापडली. पेठेतनं धायरीला, आंबेगावला, वारज्याला गेलेली माणसं वर्षभर इकडे फिरकत नाहीत पण गणपतीत एकदा तरी मंडळात येतात, आरतीला नाही तर मिरवणुकीला. त्या दिवसांत मी मांडवामांडवातनं फिरले, कार्यकर्त्यांना नाव सांगितलं की पाचेक मिनिटांत कोणीतरी म्हणायचं, अहो तो ना, तो आता नऱ्ह्याला असतो, थांबा ताई नंबर देतो.

मुलींचं सगळ्यात अवघड. आम्ही तिघी, त्यातली एक माझ्या संपर्कात होतीच, तिसरीचा पत्ताच लागेना, कारण लग्नानंतर आडनाव तर बदललंच पण नावसुद्धा बदललेलं, त्यामुळे इंटरनेटवर काय शोधणार. माहेर शुक्रवार पेठेत होतं, तेही गेलेलं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

फोन करायचे म्हणजे वेळ बघून करावे लागतात. चाकणला थर्ड शिफ्ट करणारा सकाळी दहाला झोपलेला असतो, ज्याची फर्स्ट शिफ्ट असते तो रात्री नऊलाच आडवा होतो. बसची वाट बघताना उचललेल्या फोनवर कोणी मनातलं बोलत नाही. आणि एक गोष्ट पहिल्या दोन-चार फोनमध्येच लक्षात आली. इतक्या वर्षांनी जुनी मैत्रीण फोन करते म्हटल्यावर समोरच्याला आधी वाटतं की ही पॉलिसी विकणार, नाहीतर साबण-पावडरीची साखळी. आवाजात ते सरळ ऐकू येतं. म्हणून मी पहिलं वाक्यच तसं ठेवलं, अरे मला काही विकायचं नाहीये, वर्गाची पुस्तिका करतोय, वेळ आहे का. मग समोरचा मोकळा श्वास घ्यायचा.

आणि प्रश्न बदलले. सध्या काय करतोस हा प्रश्न मी विचारतच नव्हते. मी विचारायचे की काल सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत काय काय केलंस. मग, डिप्लोमातलं काय अजून उपयोगी पडतं. मग, वर्गातलं कोण आठवतं. आणि अगदी शेवटी, फोन ठेवायच्या आधी, आत्ता बोललास त्यातलं काय छापायचं नाही. एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर होतं, आणि काय एकेक उत्तरं! टेल्कोत गेलेला एक जण, ही कंपनी २००३ ला टाटा मोटर्स झाली, तो इंडिकाच्या वेळी पिंपरीत होता. निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला प्लांट विकत घेऊन, सुटा करून, जहाजातून आणून इथे परत उभा केला होता, त्या लाइनच्या उभारणीत हा नवा पोरगा म्हणून होता, आणि म्हणाला की ड्रॉइंगच्या सरांनी फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धती इतक्या घोटून घेतल्या होत्या की बाहेरची ड्रॉइंग समोर आली तरी मी एकदाही अडखळलो नाही. नंतर त्याने नोकरी सांभाळून एएमआयई, म्हणजे नोकरी करत देता येणारी इंजिनिअरिंगची परीक्षा, केलं, रात्रीचा अभ्यास, काही पेपरांना बरीच वर्षं लागली, पण केलं. जुन्नरकडे द्राक्षबाग असलेला एक जण आहे, त्याने कधीच नोकरी केली नाही, तो म्हणाला गावातल्या सगळ्यांच्या पंपाची इंपेलर्स, म्हणजे आतली फिरती चाकं, मीच काढतो, पैसे घेत नाही. बँकेत क्लार्क झालेला म्हणाला की काहीच उपयोगी पडत नाही, आणि मग थोडा वेळ थांबून म्हणाला, पण लिफ्टमध्ये उभा राहिलो की अजून दोराचा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे तो लागतो त्याच्या किती पट मजबूत आहे ते, मनात येतो. हे मी जसंच्या तसं छापलं.

आता आमच्यातल्या एका भोसरीवाल्याबद्दल. त्याचं नाव इथे देत नाही, कोणाचंच देणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात त्याने वर्षभर अप्रेंटिसशिप केली, स्टायपेंडवर, मग तिथेच लागला, परमनंट झाला, घरच्यांना वाटलं सुटलो. पुढे कारखान्याने उत्पादन दुसरीकडे हलवलं आणि पस्तिशीच्या आतच याच्या हातात व्हीआरएसचा चेक आला. त्यातनं बहिणीचं लग्न, घरावर एक मजला, आणि उरलेल्यात भागीदारीत एक सेकंडहँड लेथ. भागीदारी टिकली नाही. मग बरीच वर्षं त्याने स्कूल व्हॅन चालवली. हे सगळं मला पहिल्या फोनमध्ये कळलं नाही, पहिल्या फोनमध्ये तो फक्त एवढंच म्हणाला की माझं काय छापणार तू, राहू दे, बाकीच्यांचं छाप. मी म्हटलं बरं, काल सकाळी काय केलंस ते तरी सांग. तर तो बोलायला लागला, की पंपाच्या कामाचा गनमेटलचा एक बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी नळी, आला होता, पार्टीला वीस मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागात, पाहिजे होता, मशीन जुनं, स्पिंडलला प्ले आहे, म्हणजे ते थोडं हलतं, मग मी तो कसा धरला, शेवटचा कट कसा हलका घेतला, टूलला धार कशी दिली, आणि मापात बसल्यावर पार्टी काय म्हणाली. बोलता बोलता त्याचा आवाजच बदलला. म्हणजे तो परत लेथवर आलाय, भाड्याच्या गाळ्यात, एकटा, आणि काम चोख करतोय. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून व्हॉइस नोट्स पाठव म्हटलं, मशीनच्या आवाजात पाठवलेल्या त्या नोट्स मी ऐकून उतरवून काढल्या. त्याच्या पानावर कंपनी आणि पद यातलं काहीच नाही, तो बुश आहे. माझ्या मते ते अख्ख्या पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं पान आहे.

अमेरिकेतल्याचं उलट. त्याने ग्रुपवर पहिल्याच दिवशी अपडेट टाकला होता, मिशिगन, ऑटोमोटिव्ह, दोन मुलं, घराचा फोटो. डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग तिकडे. मी फोन केला तेव्हा त्याची सकाळ होती, काल काय केलंस विचारल्यावर म्हणाला, काल मुलाच्या व्हिसासाठी वकिलाशी बोललो. तिथे नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त देत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब की हा कितीतरी वर्षं रांगेत आहे, आणि मूल एकवीसचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. याचा मुलगा लहानपणापासून तिथेच वाढलेला, आणि आता त्याला तिथे राहायला वेगळा कागद शोधायचा. मग तो वडिलांबद्दल बोलला. २०२१ च्या मे महिन्यात वडील गेले, पुण्यात. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली होती, ती थेट नोव्हेंबरमध्ये उठली. इकडे आला असता तर परत जाता आलं नसतं, नोकरी गेली असती, मुलं तिकडे. त्याने वैकुंठ स्मशानभूमीतले अंत्यसंस्कार फोनवर बघितले. हे त्याने ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं, आणि आम्ही इथे पुण्यात असून आमच्यापैकी कोणीही तेव्हा त्याच्या आईकडे गेलं नव्हतं कारण कोणाला माहीतच नव्हतं. छापू का विचारलं तर तो दोन दिवसांनी हो म्हणाला. मी त्याच्या आईकडे जाऊन ते पान वाचून दाखवलं, काकूंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या की यात त्याच्या वडिलांचं नाव पूर्ण घाल.

तिसरी मैत्रीण. ती सापडली ती आमच्याच वर्गातल्या एकामुळे, त्याचा भाचा सातारा जिल्ह्यात एका आयटीआयला फिटर ट्रेडला आहे, आणि भाचा घरी सांगत होता की आमच्या मॅडम पुण्याच्या जीपीपीच्या, म्हणजे आमच्याच पॉलिटेक्निकच्या, आहेत, सत्त्याण्णवच्या. वर्ष ऐकून मामाने फोन लावला. ती तिथे शिल्प निदेशक आहे, म्हणजे सगळी पोरं तिच्याकडे फाइल धरायला शिकतात. मला इतका आनंद झाला की सांगू शकत नाही. वर्कशॉपमध्ये आम्हाला मुलींना जॉब, म्हणजे करायला दिलेला नग, करताना कोणी ना कोणी दे मी करून देतो म्हणायचं, ती एकटी कधीच देत नव्हती, हाताला फोड आले तरी. लग्नानंतर मधे काही वर्षं ती घरी होती, मग जाहिरात बघून परीक्षा दिली, नोकरी लागली. म्हणाली, मला वाटलं तुम्हा लोकांच्या मी लक्षातही नसेन, ग्रुपवर मला कोणी घेतलं नाही. तिला म्हटलं की तुझं बदललेलं नावच कोणाला माहीत नव्हतं गं.

मुलींच्या बाबतीत म्हणून सांगते, यादी करताना माहेरचं नाव आणि आताचं नाव दोन्ही लिहून ठेवा, आणि भाऊ किंवा वडील काय करतात तेही, नाहीतर एकेक मुलगी कायमची हरवते.

सगळ्यात जास्त चर्चा एका पानावरून झाली. एक जण बरीच वर्षं दारूत होता. आमच्यातल्या काहींना माहीत होतं, कारण त्याने उसने पैसे मागितलेले होते, आणि त्यामुळेच सगळ्यांनी त्याचा फोन घेणं बंद केलेलं. त्याने येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार घेतले, १९८६ पासून चालू असलेलं व्यसनमुक्ती केंद्र, पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आता बरीच वर्षं सुटलेली आहे आणि तो दर आठवड्याला मीटिंगला जातो. त्याने स्वतः मला सांगितलं की हे छाप, माझ्या नावासकट छाप. पुस्तिकेचं काम बघणारे आम्ही चार-पाच जण होतो, त्यातल्या दोघांचं म्हणणं पडलं की नको, त्याच्या मुलीचं लग्न व्हायचंय, उद्या पुस्तिका कोणाच्या हातात जाईल. त्यांची काळजी खरी होती. पण माझं म्हणणं असं होतं की छापायचं का नाही हे ठरवायचा हक्क आपण ज्याचं पान त्याला दिलाय, मग तो सगळ्यांना दिलाय. मी त्याला परत भेटले, डेक्कनला, बरोबर त्याची मुलगीही आली होती, तिने पान वाचलं आणि पेन घेऊन एका ठिकाणी 'सवय' लिहिलं होतं ते खोडून 'आजार' केलं. तसंच छापलं.

चाकणला स्वतःचा कारखाना असलेला आमचा मित्र, त्याने तर उत्साहाने दोन पानं भरून पाठवली होती. त्याला एका पानात बसवायला सांगितलं तर आधी थोडा नाराज झाला, मग फोनवर बराच वेळ बोललो आणि त्याने स्वतःच टर्नओव्हर, मशीनची संख्या, परदेशवाऱ्या सगळं काढून टाकलं. राहिलं काय तर २००८-०९ ची मंदी. ऑर्डरी थांबल्या होत्या, कामगारांना सुट्टी दिलेली, आणि हा घरी कळू नये म्हणून रोज डबा घेऊन निघायचा आणि शेडमध्ये एकटा बसून यायचा. मग २००९ ला चाकणला फोक्सवॅगन सुरू झाली आणि त्या पट्ट्यात कामं वाढली तसा तो हळूहळू सावरला. हे त्याच्या बायकोलाही पुस्तिकेच्या वेळीच कळलं.

वर्गातले चार जण आता नाहीत. त्यांची पानं कोरी ठेवायची नाहीत हे नक्की होतं, पण कोणी लिहायची? एकाच्या बायकोला फोन केला, त्याला करोनाच्या दुसऱ्या लाटेत बेड मिळेपर्यंत उशीर झाला होता. मी म्हटलं वहिनी तुम्ही लिहाल का त्याच्याबद्दल. त्या म्हणाल्या, ताई, नंतरचं सगळं मला माहीत आहे, मुलीलाही माहीत आहे, तुम्ही आम्हाला तो सतरा वर्षांचा कसा होता ते सांगा. मग त्या पानासाठी आम्ही सगळ्यांकडून एकेक ओळ मागितली. तो सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्यांच्या शीट्स पूर्ण करून द्यायचा. तो कॅन्टीनला कधी एकटा जायचा नाही. त्याच्याकडे लुना होती आणि तिच्यावर तिघं बसायचे. ओळी एवढ्या आल्या की त्या पानाचा टाइप बारीक करावा लागला, एका पानाचा नियम तिथेही पाळला, आणि उरलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या कागदावर काढून मुलीला दिल्या. बाकी तिघांची पानंही मग तशीच केली.

तिघं सापडलेच नाहीत. त्यांच्या पानावर नाव, रोल नंबर, आणि शेवटची जी खात्रीची गोष्ट माहीत आहे ती एका ओळीत. ऐकीव काही घातलं नाही.

छपाईचं फार सांगण्यासारखं नाही. ए-फाइव्ह आकार, सोळा-सोळा पानांचे चार फॉर्म म्हणजे चौसष्ट पानं, त्यात साठ आमची, उरलेल्यांत नावाचं पान, ग्रुप फोटो वगैरे. नारायण पेठेत डीटीपी करून घेतलं, फॉन्ट बदलताना बरेच रफार उडाले होते त्यामुळे प्रूफं डोळ्यांत तेल घालून बघावी लागली. ती आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तपासली, ऐंशीच्या पुढे आहेत, अजून टोकदार पेन्सिलनेच खुणा करतात, आणि एका पानावर मी मायक्रॉनच्या जागी मिलिमीटर उतरवलंय का हे मला दोनदा विचारलं. मायक्रॉनच होतं.

पीडीएफ मात्र ग्रुपवर टाकायची नाही असं मी ठाम धरलं. त्यावरून थोडी कुरबुर झाली, परदेशातल्यांना कुरिअरची वाट बघावी लागली. पण माणसं माझ्याशी बोलली ती वर्गासाठी, फॉरवर्डसाठी नाही. पत्ते आणि फोन नंबरही छापले नाहीत.

आणि एक केलं ते फार चांगलं झालं, पुस्तिका गेट-टुगेदरच्या दिवशी न वाटता आठ-दहा दिवस आधी घरोघर पोचवली. शिवाजीनगरला हॉल घेतला होता, सदतीस जण आले, विद्यापीठ चौकातून येणारे सगळे ट्रॅफिकमुळे उशिरा. एरवी अशा ठिकाणी काय होतं, आधी कोण किती मोठा याचा अंदाज घेतात आणि मग तसतसे घोळके पडतात. इथे प्रत्येकाने प्रत्येकाचं पान वाचलेलं होतं. जनरल मॅनेजर भोसरीवाल्याला विचारत होता की स्पिंडलला प्ले असताना तू टेपर कसा काढतोस. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांपैकी एक आला होता, दुसरा आला नाही पण त्याने पान दिलं होतं. जेवणं चार वाजेपर्यंत चालली, हॉलवाल्याने दोनदा आठवण केली.

तेव्हापासून आयटीआयवाली, चाकणवाला आणि भोसरीवाला या तिघांचं एक चालू झालंय. तिची पोरं आधी भोसरीच्या गाळ्यात दोन दिवस येतात, जुन्या मशीनवर माप कसं काढायचं ते बघायला, आणि मग त्यातली काही चाकणला अप्रेंटिस म्हणून लागतात. पहिली चार पोरं लागलीसुद्धा. भोसरीवाल्याने त्यासाठी गाळ्यात जादा दोन व्हाइस बसवून घेतलेत, आणि तिने त्याला सांगून ठेवलंय की पुढच्या बॅचमध्ये तीन मुली आहेत, त्यांचा जॉब कोणी करून द्यायचा नाही.